चौदा लक्षणं आणि दोन मिनिटांची घंटी

नमन झालं. पद झालं. आमच्या दाविदरावांची पेटीवर डोकं टेकून एक डुलकीसुद्धा झाली! आता आख्यान. पुढं सरका मंडळी, पुढं सरका — मागं मोकळं बसून काय जत्रेतल्या पाळण्याची वाट बघताय? हां. असं.

आधी एक प्रश्न. उत्तर लगेच देऊ नका, लगेच दिलेली उत्तरं मला आवडत नाहीत.

मोशे म्हातारा झाला. चाळीस वर्षं लोकांना रानातनं चालवलं, चाळीस वर्षं त्यांची कुरकुर ऐकली — पाणी नाही, मटण नाही, मिसरातले कांदे किती गोड होते! आणि जाताना त्यानं एक वचन दिलं. म्हणाला, बाबांनो, मी चाललो, पण देव तुम्हाला उघड्यावर टाकणार नाही. तुमच्याच भावांमधून, माझ्यासारखा एक संदेष्टा तो उभा करील. आणि पुढं तीनच शब्द बोलला — 'त्याचं तुम्ही ऐका.'

आता सांगा, यात अवघड काम कोणतं? उभा करायचं? ते देवाचं, तो बघून घेईल. ओळखायचं? त्यावर तर कपाटंच्या कपाटं भरलीत! हा म्हणतो आमचा, तो म्हणतो आमचाच, तिसरा म्हणतो अजून यायचाय. आमचा विश्वास काय तो तुम्हाला ठाऊक आहे, मी तो आज पुरावे लावून सिद्ध करत बसणार नाही. पण ते शेवटचे तीन शब्द? त्यांच्यावरनं कुठं वाद झालेला ऐकलाय? नाही ना? का नाही? अहो, भांडण व्हायला ती वस्तू कुणाला तरी हवी लागते!

ते लिंबाच्या बुंध्याशी बसलेले काका, लाल पागोटंवाले — हात खाली घ्या. आख्यानात मध्ये बोलायचं नसतं. नंतर.

तर मंडळी, ऐका!

बोरपाडळी नावाचं गाव. गावाला एक कौलारू चर्च, पंच्याहत्तर वर्षांचं. आणि त्या चर्चला एक नथानिएल मास्तर भिंगारदिवे. नाव उच्चारताना जीभ अडखळते म्हणून गाव म्हणे नाथा मास्तर. पेन्शनीत निघालेले, धोतराची घडी मोडलेली कुणी पाहिली नाही, वरच्या खिशात दोन पेनं — एक निळं, एक लाल. लाल जास्त झिजलेलं! पाळकसाहेब महिन्यातनं एकदा यायचे, बाकी सगळं राज्य मास्तरांचं.

या मास्तरांना एकच ध्यास. कुठला? मघाचं वचन! रविवारी वाचायला काहीही येवो — नोहाचं तारू येवो, पाच भाकरी येवोत — मास्तर दहाव्या मिनिटाला मोशेच्या वचनावर पोचायचे. बैल जसा बाजारातनं कुठनंही सोडा, गोठ्याकडंच चालू लागतो. तीस वर्षं अभ्यास करून त्यांनी त्या वचनातल्या संदेष्ट्याची चौदा लक्षणं काढली होती. 'मोशेसारखा' म्हणजे नेमका कसा? मास्तरांनी यादी करून, काचेत घालून, चर्चच्या भिंतीवर टांगली! लक्षण पहिलं, दाढी. दुसरं, हातात काठी. तिसरं, डोंगरावर जाण्याची आवड. चौथं, मेघगर्जनेसारखा आवाज. पाचवं, चेहऱ्यावर तेज. असं करत करत चौदापर्यंत.

आता तुम्ही शास्त्र वाचणारी माणसं. मला सांगा, मोशेचा आवाज मेघगर्जनेसारखा होता? अरे, तो देवाला काय म्हणाला होता? झुडूप पेटलंय, देव बोलतोय, आणि हा म्हणतो — प्रभो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव, मी जड जिभेचा माणूस, मला बोलता येत नाही! पण ते पान मास्तरांच्या पुस्तकात नव्हतं का? होतं की! मास्तर त्या पानावर कधी थांबले नाहीत एवढंच.

एकदा तर एक जण आला. खरंच आला! पांढरा झगा, छातीपर्यंत दाढी, हातात काठी. चर्चच्या समितीनं लक्षणं ताडून पाहिली — चौदापैकी नऊ जुळली! मास्तरांनी त्याला घरी ठेवून घेतलं. तीन आठवडे त्यानं रोज कोंबडी खाल्ली आणि रोज एकच भविष्य सांगितलं — 'लवकरच काहीतरी मोठं होणार आहे.' आणि झालंही. एका सकाळी तो गेला, आणि मास्तरांची सायकलही गेली! मास्तरांच्या बायकोनं, दीनाबाईंनी, फक्त एवढं विचारलं, "अहो, मोशे सायकल चालवायचा का हो?" मास्तर दोन दिवस जेवले नाहीत.

हसताय! हसा. तुमच्या दारात काय काय येऊन जेवून गेलंय ते मी विचारत नाही.

आता या मास्तरांना एक धाकटा भाऊ होता. सिलास. मिशनच्या सुतारशाळेत शिकलेला, हातात रंधा घेतला तर लाकूड लोण्यासारखं निघायचं. चर्चची बाकं त्यानं केली, उपदेशाला उभं राहायचं पुलपिट त्यानं केलं, खिडक्यांच्या चौकटी त्यानंच केल्या. पण बोलायला उभा राहिला की संपलं. जीभ पहिल्याच अक्षरावर अडायची. 'दादा' म्हणायला त्याला पाच वेळा 'दा' म्हणावं लागे. डोळे मिटायचे, मान ताठ व्हायची, घाम फुटायचा.

सिलासच्या लहानपणी दोघं एकाच शाळेत — हा विद्यार्थी आणि तो नवा मास्तर. साहेब तपासणीला आला. साहेबानं विचारलं, गोदावरी कुठं उगम पावते? वर्गात कुणाला येईना. सिलासनं हात वर केला. त्याला येत होतं हो! उभा राहिला, "त्र... त्र... त्र..." वर्ग हसला. साहेब हसला. आणि नाथा मास्तर — सख्खा भाऊ — तोही हसला. साहेबाला म्हणाला, "जाऊ द्या साहेब, हा आमच्याकडचा ट्रॅक्टर आहे." त्या दिवसानंतर सिलासनं शाळा सोडली आणि मास्तरांना भावानं तोंड उघडलं की लाज वाटायची. भांडण नाही, अबोला नाही. नुसतं — तो बोलायला लागला की हे म्हणायचे, "बरं बरं, समजलं." काही समजलेलं नसायचं.

असंच चाललं असतं. पण त्या चर्चमध्ये एक पद्धत होती. उपासनेत साक्षीची वेळ असते ना, ज्याला जे वाटेल ते उठून सांगायचं? पूर्वी एक जण उठायचा तो म्हशीच्या वेतापासून सुरुवात करायचा! म्हणून मास्तरांनी नियम केला — साक्ष दोन मिनिटं. टेबलावर पितळी घंटी. दोन मिनिटं झाली की टण्ण! सगळ्यांनी म्हणायचं 'आमेन', आणि बोलणाऱ्यानं बसायचं. नियम चांगला होता. मीसुद्धा आमच्या मंडळीत लावीन म्हणतो.

तर एका रविवारी सिलास साक्षीला उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा! लोक वळून बघायला लागले. "भा... भा... भावांनो, आ... आ... आ..." घड्याळाचा काटा फिरतोय. कपाळावर घाम. "आपल्या च... च... चर्चच्या..." टण्ण! आमेन! सिलास खाली बसला.

काय सांगायचं होतं त्याला? मंडळी, तुम्हाला सांगून ठेवतो, कारण बोरपाडळीला कुणी सांगितलं नाही. खिडकी दुरुस्त करायला तो शिडी लावून चढला होता. सहज पटाशीची मूठ चर्चच्या आढ्यावर ठोकली. आढं म्हणजे छपराचा कणा, सगळे वासे त्याच्यावर, सगळी कौलं वाशांवर. ठोकल्यावर खणखणीत वाजायला हवं, तर वाजलं — भद्द! त्यानं पटाशी टोचली. मुठीपर्यंत आत गेली! बाहेरनं रंग दिलेला, तेल लावलेलं, दिसायला राजबिंडं आढं, आणि आत वाळवीनं नुसती माती केलेली. सुतार तो. खाली उतरला आणि एकेक बाक मोजू लागला, कारण त्या बाकांवर अडीचशे माणसं बसतात हे त्याला ठाऊक होतं. बाकं त्यानंच केली होती ना!

दुसऱ्या रविवारी पुन्हा उभा राहिला. टण्ण! आमेन! तिसऱ्या रविवारी टण्ण! बायका म्हणू लागल्या, "काय भक्तिभाव आलाय हो सिलासभावजींना!" कुणाच्या घरी सांगायला गेला तर घरचा म्हणे, "भाऊ, रविवारी साक्षीत सांग, सगळ्यांनाच ऐकायला मिळेल." चिठ्ठी लिहिली. मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी वाचली का? वाचली हो! लाल पेन काढलं, ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका काढल्या आणि परत दिली. वर शेरा — 'अक्षर सुधारावे.' मजकूर काय होता ते मास्तरांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शेवटी सिलासनं एक सागवानी टेकू आणला आणि आढ्याच्या खाली मधोमध उभा केला. बोलता येत नाही तर काय झालं, हातांनी तर सांगता येतं! चार दिवस टेकू उभा राहिला. मग वर्धापनदिनाची सजावट करणारे आले. म्हणाले, हा खांब मध्ये कशाला? व्हिडिओत आडवा येतोय. काढला! काढून त्याचा झेंडूच्या माळा टांगायला उपयोग केला.

काका — ओ लाल पागोटं! मी बघितलं तुम्हाला. दोन बोटं दाखवताय ती बघितली. पाणी प्यायचं असेल तर रांजण तिकडं आहे. बाकी सगळं नंतर.

हां, वर्धापनदिन. चर्चला पंच्याहत्तर वर्षं पुरी! मास्तरांनी ठरवलं, त्या दिवशी या वचनाचा कायमचा निकाल लावायचा. मोठ्या शहरातनं वक्ते बोलावले — रेव्हरंड डॉक्टर झकारिया सोनकांबळे. विषय? 'माझ्यासारखा संदेष्टा — एक चिकित्सा!' आणि वक्त्याचा शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू यायला हवा म्हणून मास्तरांनी काय केलं? तालुक्यावरनं दोन साउंड बॉक्स आणले. एकेक पाऊणशे किलोचा! कुठं टांगले? बोला, कुठं टांगले? आढ्याला! लोखंडी साखळीनं!

ऐकायची केवढी तयारी बघा मंडळी. ऐकू यावं म्हणून छप्पर पाडायची तयारी!

दिवस उजाडला. अडीचशे माणसं आत, बाहेर चुलाणावर मटण शिजतंय, त्याचा वास खिडकीतनं आत येतोय, आणि तो वास कुठल्याही साउंड बॉक्सशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचतोय. पहिल्या बाकावर मास्तरांची आणि सिलासची आई, बयजाबाई. नव्वदीची. मंडळीत सगळ्यांत थोरली. दोन्ही कानांनी ठार बहिरी, पण एक रविवार चुकवायची नाही. आणि तिचा एक मान होता. मंडळीचं जेवण असलं की पहिलं पान तिचं. थोरली बाई बसल्याशिवाय पंगत बसायची नाही. उलटं सांगायचं तर, थोरली उठून बाहेर निघाली म्हणजे वाढायला घेतलं!

डॉक्टरसाहेब उभे राहिले. पाऊण तास बोलले. वचनाचे सात अर्थ सांगितले, सातांवर अकरा आक्षेप घेतले, अकरा आक्षेपांना उत्तरं दिली. म्हणाले, "खऱ्या संदेष्ट्याची शास्त्रात एक कसोटी आहे. तो जे बोलतो ते घडतं!" साउंड बॉक्स दणाणले — घडतं! आणि आढ्यातनं चिमूटभर तांबूस माती भुरुभुरु खाली आली. थेट डॉक्टरसाहेबांच्या टिपणांवर. साहेबांनी फुंकली आणि आठव्या अर्थाकडं वळले.

तेवढ्यात साक्षीची वेळ झाली, कारण कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलं होतं आणि छापलेलं मास्तर मोडायचे नाहीत. सिलास उभा राहिला.

मास्तरांनी डोळे मिटले. मनात म्हणाले, आज नको रे बाबा! आज पाहुण्यांपुढं नको! हात घंटीवर ठेवला.

पण सिलास बोलला नाही मंडळी. सिलास गायला! तुम्हाला ठाऊक आहे का, बोलताना जीभ अडणारा माणूस गाताना अडत नाही? आठवडाभर सुताराच्या साळेत दार लावून त्यानं पद जुळवलं होतं. दाविदराव, सूर द्या —

*चला चला हो, बाहेर चला,*
*आढं पोखरून गेलं,*
*वरतून दिसतं धडधाकट*
*आतून माती झालं!*
*चला चला हो, बाहेर चला!*

एक अक्षर अडलं नाही! इतक्या वर्षांत गावानं सिलासच्या तोंडून ऐकलेलं पहिलं अखंड वाक्य! आता काय व्हायला हवं होतं? उठायला हवं होतं ना? पळायला हवं होतं ना?

अहो, चाल झकास होती! ढोलकीवाल्यानं ठेका धरला. टाळ सुरू झाले. दुसऱ्या ओळीला बायकांनी सूर मिळवला, तिसऱ्याला सगळ्या चर्चनं! अडीचशे माणसं डोलत, टाळ्या वाजवत गातायत — चला चला हो, बाहेर चला! आणि एक माणूस जागचा हलत नाही! कुणी तर गाता गाता पाय सैल सोडून नीट बसला.

सिलास हातांनी दार दाखवतोय, लोक म्हणतायत वा, काय अभिनय! सिलास आढ्याकडं बोट करतोय, लोक म्हणतायत स्वर्ग, स्वर्ग! डॉक्टरसाहेब तर मास्तरांच्या कानाशी लागले, "काय गूढ रचना आहे! आढं म्हणजे मानवी अहंकार. वाळवी म्हणजे गुप्त पाप. आणि 'बाहेर' हा शब्द किती अर्थगर्भ!" मास्तरांची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना भावाचा अभिमान वाटला. वाटला, पण ऐकलं नाही हो त्यांनीही.

सिलासनं पद चार वेळा म्हटलं. चौथ्यांदा म्हणताना तो रडत होता.

तोवर गाण्याच्या रंगात अडीचशे जणांनी डोळे मिटलेले. उघडे डोळे फक्त एका माणसाचे — बयजाबाईंचे! त्या बहिऱ्या. त्यांना ना चाल ऐकू आली ना ठेका. त्यांना दिसलं काय? आपलं लेकरू रडतंय, आणि लोक टाळ्या वाजवतायत. म्हातारीला त्या लेकराच्या तोंडाकडं बघत थांबायची सवय होती. लहानपणी त्याला पाणी मागायला पाच मिनिटं लागायची, आणि ती माउली चूल सोडून पाच मिनिटं त्याच्यापुढं उकिडवी बसायची. तिनं त्याचं तोंड बघितलं, त्याचा हात बघितला, त्या हाताच्या रेषेत वर आढ्याकडं बघितलं. तिथं आढं वाकलं होतं! तिनं काठी घेतली आणि उठली. उठून सरळ दाराकडं चालू लागली.

ऐकणारे अडीचशे, आणि ऐकलं बहिरीनं!

आता बाकीचे कसे वाचले म्हणता? विचारा, विचारा! थोरली उठली! कुणीतरी एक डोळा उघडून बघितलं आणि कुजबुजलं, "आरं, पंगत बसतीया!" झालं! ती बातमी दोन मिनिटांत नाही, दोन क्षणांत शेवटच्या बाकापर्यंत गेली. तिला साउंड बॉक्स लागला नाही! लोक उठले, चपला शोधायला थांबले नाहीत. ढोलकीवाला ढोलकीसकट गेला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "आठवा अर्थ नंतर बघू," आणि तेही निघाले, बिचाऱ्यांची साखर कमी होत होती. देवाचा शब्द ऐकून जे उठले नाहीत, ते मटणाच्या वासानं उठले. देवानं रक्षण केलं, पण काय वापरून केलं बघा.

आत राहिले दोघंच.

नाथा मास्तर पुलपिटावर घंटी वाजवत उभे. टण्ण, टण्ण, टण्ण! "बसा! बसा म्हणतो ना! आशीर्वाद व्हायचाय! अर्ध्यात उठता? लाज नाही वाटत?" घंटी वाजतेय, चर्च रिकामं होतंय, मास्तरांच्या तोंडाला फेस आलाय. तीस वर्षांचा अभ्यास दारातनं वाहून चाललाय. आणि वरनं साखळी करकरतेय.

सिलास दारापर्यंत गेला होता. मागं वळला. बघितलं, दादा नाही. परत आत आला मंडळी! ज्याला एकट्याला ठाऊक होतं की हे छप्पर येणार, तोच परत आत आला. पहिल्या बाकापाशी, थेट आढ्याच्या खाली, येऊन उभा राहिला. गायला नाही. गाणं म्हणजे काय होतं ते त्यानं बघितलं होतं. तो बोलू लागला.

"दा... दा... दा..."

मास्तरांचं बोट घंटीवर.

"दा... दादा, तू... उ... उ... उठत..."

मास्तर म्हणणार होते, बरं बरं, समजलं. तोंड उघडलंही. पण समोर तोंड कुणाचं दिसलं? शाळेतल्या त्या पोराचं. हात वर केलेलं, उत्तर येणारं, 'त्र' वर अडलेलं. तेच मिटलेले डोळे, तीच ताठ मान. त्र्यंबकेश्वर! मास्तरांना तेव्हाही ठाऊक होतं की त्याला उत्तर येतंय. ठाऊक असूनही हसले होते. त्यांनी बोट घंटीवरनं काढलं. आणि थांबले.

"...उ... उठत न... नाहीस, तर म... मी पण... इ... इथंच ब... बसतो."

आणि सिलास बसला. स्वतः केलेल्या बाकावर, आढ्याच्या खाली, हात गुडघ्यावर ठेवून.

उभ्या आयुष्यात मास्तरांनी भावाचं पूर्ण ऐकलेलं ते पहिलं वाक्य! चौदा लक्षणांपैकी त्यात एकही नव्हतं. मास्तर पुलपिटावरनं उतरले, खरं तर पडले म्हणा, भावाचा दंड धरला, "चल! चल सिल्या, ऊठ!" म्हणत त्याला ओढत निघाले. दोघं पायरीवर आले. तिसऱ्या पायरीवर असतील नसतील —

धडाड!

आढं, वासे, कौलं, दोन्ही साउंड बॉक्स, काचेतली चौदा लक्षणं — सगळं एका ढिगात. धूळ खाली बसायला किती तरी वेळ लागला. बाहेर लोक हातात पत्रावळ धरून उभे. कुणी घास घेतला नाही. बयजाबाई तेवढ्या पानावर बसल्या होत्या, त्यांना आवाज आला नव्हता. त्यांनी वर बघितलं, दोन्ही लेकरं दिसली, आणि त्या म्हणाल्या, "या रं, गार हुतंय."

मंडळी, इथं आख्यान संपायला हवं. पण बोरपाडळी आहे ती!

पुढच्या रविवारी चिंचेखाली उपासना. लोक काय घेऊन आले? हार! सिलासला संदेष्टा ठरवायचा! बोलला ते घडलं ना? कसोटीला उतरला! एक खुर्ची आणली, तिला झालर लावली, कुणी त्याच्या पटाशीला कुंकवासारखा लाल रंग फासला. समितीनं पंधरावं लक्षण मंजूर केलं — तोतरेपणा! आणि खरं सांगतो, दोन-तीन तरुण प्रचारक त्याच आठवड्यापासून प्रार्थनेत अडखळायला लागले. "हे प... प... प्रभो!" म्हणायचे आणि एका डोळ्यानं बघायचे, कुणाला पाझर फुटतोय का!

सिलासनं हार काढून ठेवला. साक्षीला उभा राहिला. लोक सवयीनं मास्तरांकडं बघायला लागले. मास्तरांच्या हातात घंटी होती. ढिगातनं काढलेली, चेपून भाकरीसारखी झालेली. तिच्यातनं आता आवाज निघणार नव्हता, पण मास्तरांनी ती तरीही पालथी घालून मातीत ठेवली.

सिलास अकरा मिनिटं बोलला. अकरा मिनिटांत पाच वाक्यं. म्हणाला — मी संदेष्टा नाही. मी सुतार आहे, मी फक्त वर बघितलं. मोशेनं सांगितला तो येऊन गेला, तोही सुताराच्याच घरचा होता, आणि त्याचंही त्याच्या गावानं ऐकलं नाही. तुम्हाला त्याला ओळखायची घाई आहे, ऐकायची नाही. आणि आता ऐकायचंच असेल तर ऐका, शाळेच्या छपरालाही वाळवी लागली आहे.

काय झालं असेल? सांगा! 'आमेन' झाला! जोरात झाला! टाळ्यासुद्धा झाल्या. लोक उठून घराकडं निघाले. आणि एकटे नाथा मास्तर धोतर खोचून, घडी मोडून, शिडी आणायला गेले.

तर मंडळी, बोरपाडळीला हसून झालं असेल तर आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या घरात कोण आहे, जो बोलायला लागला की तुम्ही म्हणता 'बरं बरं, समजलं'? सून आहे? धाकटा भाऊ आहे? म्हातारा बाप आहे, एकच गोष्ट तीनदा सांगणारा? तिसऱ्यांदा तो काय सांगत होता, ठाऊक आहे? देव कुणाच्या तोंडून बोलेल याची यादी तुम्ही काचेत घालून टांगली आहे. ती काढा! घंटी प्रत्येकाच्या हातात आहे. माझ्या नाही म्हणणाऱ्यानं हात वर...

...

हात वर.

लाल पागोटं.

अरेरे. काका, माफ करा मला. मघापासून तीनदा हात वर केलात तुम्ही. आणि मी? रांजण दाखवला तुम्हाला! तासभर ओरडतोय, ऐका, ऐका, आणि ज्याला काहीतरी सांगायचंय त्याला म्हणतोय, नंतर! दाविदराव, पेटी बंद करा. टाळवाले, थांबा रे. मागं कुजबुजणाऱ्या त्या पोरींना कुणीतरी गप्प करा — नाही, नको, असू द्या, कुणाला गप्प करू नका.

घड्याळ मी खिशात घातलंय, काका. जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे. सावकाश.

बोला.